पोरगं भाईकडे जातं, त्याच्या आधी

नोव्हेंबर 2021 मध्ये यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात एमबीबीएसच्या एका विद्यार्थ्याचा रात्री चाकूने भोसकून खून झाला. विद्यार्थी आंदोलनाला बसले, आवारातल्या सुरक्षेचा प्रश्न राज्यभर गाजला. पोलिस तपासातून जे कारण पुढे आलं ते ऐकून गाव सुन्न झालं: गाडीचा धक्का आणि त्यावरून झालेली बाचाबाची.

त्या प्रकरणातल्या कोणाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते न्यायालयाचं काम. पण धक्का लागला म्हणून चाकू निघतो, तेव्हा तो आधीपासून जवळ असतो. तो खिशात कधी येतो आणि कोणामुळे येतो, एवढाच माझा विषय. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं यवतमाळ जिल्ह्यात क्रीडाशिक्षक म्हणून काढली, आधी तालुक्याच्या गावी, नंतर शहरात. गणिताच्या सरांना पोरगं बाकावर दिसतं, पी.टी.च्या सरांना ते मैदानात, सायकलस्टँडवर आणि गेटबाहेर दिसतं. निवृत्तीनंतरही ओळखीच्या शाळांत पोरांशी बोलायला जातो. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो आहे.

1. मारणाऱ्याआधी मार खाणारा पाहा

शाळेत दंगा झाला की सगळे मारणाऱ्याच्या मागे लागतात. त्याला ऑफिसात उभं करायचं, बापाला बोलवायचं, दोन दिवस घरी बसवायचं. मार खाल्लेल्याच्या वाट्याला येतं ते "जा, तोंड धू आणि वर्गात बस" इतकंच. टोळक्यांत शिरलेली जी पोरं मी जवळून पाहिली, त्यांतली बरीच मुळात दांडगट नव्हती. मार खाणारी होती.

घाटंजीकडच्या एका खेड्यातून एक मुलगा आठवीला शहरात आला. मामाकडे राहायचा. अंगाने बारका, कपडे चुलतभावाचे, थोडे मोठे. वर्गातल्या तिघांनी आधी त्याला नाव ठेवलं, मग डबा उचलायला लागले, मग सायकलची हवा सोडणं, मग स्टँडमागे नेऊन मारणं. शिक्षकांना सांगितलं तर "तू लक्ष देऊ नको" असं उत्तर मिळालं. मामा म्हणाला, "तुले हात नाईत काय?" शेवटी मामाच्या गल्लीतल्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोराने त्याला थांबवून विचारलं, "कोन मारते बे तुले? नाव सांग फक्त." दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना गेटसमोर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. कोणी कोणाला हात लावला नाही. त्या तिघांकडे पाहून गाड्या जोरात रेस केल्या आणि निघून गेले. त्रास त्या दिवसापासून बंद.

शाळेला वर्षभर जे जमलं नाही ते गल्लीतल्या एका पोराने दहा मिनिटांत करून दाखवलं. मग उपकार फेडणं आलं. आधी पानठेल्यावरून खर्रा आणून दे, मग ही पिशवी या घरून त्या घरी पोचव, आत काय आहे ते विचारू नको. नववीत त्याच्या दप्तरात लोखंडी फायटर सापडलं तेव्हा ऑफिसात जमलेले सगळे हेच म्हणत होते की असल्या संगतीला हे पोरगं लागलं तरी कसं. सायकलस्टँड कोणाला आठवला नाही.

शाळेतली दादागिरी आणि बाहेरची टोळी हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटत नाही. शाळेने राखलं नाही की पोरगं राखणारा बाहेर शोधतं, आणि बाहेरचा राखणारा फुकट राखत नाही.

2. पोरगं सांगत नाही, ते हेरावं लागतं

"तुला कोणी त्रास देतं का?" या प्रश्नाला आजवर एकाही पोराने मला खरं उत्तर दिलेलं नाही. सांगणारा म्हणजे चुगलखोर, आणि सांगितल्यावर दुप्पट मार ठरलेला. म्हणून मी विचारणं सोडलं आणि पाहणं सुरू केलं.

दिवसभर पाणी न पिणारं पोरगं. कारण पाणी प्यायलं तर मुतारीत जावं लागतं, आणि मार तिथेच पडतो. रोज नेमकं प्रार्थना सुरू झाल्यावर येणारं आणि सुटल्यावर शिक्षकांच्या गाडीमागोमाग निघणारं पोरगं. मोठ्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहणारं, किंवा आज भूक नाही म्हणणारं. खेळताना बूट काढून कोपऱ्यात न ठेवता हातात धरून बसणारं. यातलं एखादं लक्षण कोणातही दिसेल. दोन-तीन एकत्र दिसली की त्या पोराचा घरी जायचा रस्ता मी एकदा पायी चालून यायचो.

शासनाने शाळांना तक्रारपेटी सक्तीची केली. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या 2024 च्या घटनेनंतर त्यावर पुन्हा जोर आला. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांत सखी सावित्री समित्याही आहेत. चांगलं आहे. पण मी पाहिलेल्या बहुतेक पेट्या मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टांगलेल्या असतात. तिथे जाऊन सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकणारा आठवीतला मुलगा मला दाखवा. एका शाळेत आम्ही पेटी वाचनालयात, पुस्तकं परत करायच्या कपाटाला लागून ठेवली. पुस्तकात चिठ्ठी घालून येणाऱ्या पोराकडे कोण पाहतो? चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिल्या काही पोषण आहारातल्या अळ्यांबद्दल होत्या, त्यांचीही दखल घेतली. मगच खऱ्या आल्या.

3. मारणारा एक असतो, मैफल दहा जणांची

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी शाळेतल्या छळात बघ्यांचं काय काम असतं याचा अभ्यास केला. त्यावर 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि 2009 पासून तो त्या देशातल्या शाळांमध्ये पसरला. त्यांचा मुद्दा मैदानावर उभ्या असलेल्या कोणाही मास्तराला पटेल: हसणारे, व्हिडिओ काढणारे, कडं करून उभे राहणारे नसतील तर मारण्यात मजा उरत नाही.

मी दादाला सुधारायच्या भरीस कमी पडलो आणि त्याच्या मागे उभं राहून हसणाऱ्यांतले दोन निवडले. असे दोन नेहमी सापडतात, ज्यांचं हसू तोंडावरच असतं. त्यांना एकेकटं गाठून मी एवढंच सांगायचो की भांडणात पडू नका, मध्ये जाऊ नका, फक्त तिथून निघून जा आणि जाताना त्या मार खाणाऱ्याला हाक मारा, "चाल रे, सर बोलावून राह्यले." मी खरंच मैदानाच्या टोकाला उभा असायचो. हे रोज यशस्वी होत नाही. पण दहाची मैफल सहावर आली की दादा स्वतःच दुसरा उद्योग शोधतो.

4. हात मिळवायला लावू नका

दोघांना समोरासमोर उभं करून "चला, हात मिळवा, मिटलं" म्हणायची आपल्याकडे फार हौस. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर चालतं. नॉर्वेच्या डॅन ओल्व्हेउस यांनी या विषयाची पायाभरणी केली. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा केलेला, आणि जिथे दोघांची ताकद बरोबरीची नाही असा. तिथे हात मिळवायला लावणं म्हणजे मार खाणाऱ्याला सगळ्यांसमोर आणखी एकदा वाकवणं. दोघांशी वेगवेगळं बोला. वेळ जातो, जाऊ द्या.

5. भाई काय देतो ते समजून घ्या

गरिबी, बेकारी, सिनेमा, मोबाइल. सभेत या विषयावर बोलणारा प्रत्येक वक्ता या चार शब्दांवर येऊन थांबतो. कापसाचा भाव पडला की या जिल्ह्यात सगळंच हलतं, हे मला कोणी सांगायला नको. पण कंत्राटदाराची, नोकरदाराची पोरंही भाईच्या ओट्यावर बसलेली मी पाहिली आहेत. आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं, रूम करून राहणारं, रोज एकवेळ पोहे खाऊन आयटीआयला जाणारं पोरगं कोणाच्या वाऱ्याला उभं राहिलेलं नाही, हेही.

भाई देतो त्या गोष्टी फार छोट्या असतात. गाडीवर मागे बसायला जागा. रात्री अकराला "जेवला का बे?" असं विचारणारा फोन. मोबाइलचा रिचार्ज. वाढदिवसाला चौकात बॅनरवर खालच्या रांगेत एक फोटो. चौदा-पंधरा वर्षांच्या ज्या पोराला घरात आणि शाळेत कोणी नावाने हाक मारत नाही, त्याला बॅनरवर स्वतःचं नाव दिसणं काय असतं ते मोठ्या माणसांना कळत नाही.

आपल्याकडचा दुर्गोत्सव मोठा. त्या नऊ दिवसांत मंडळाचा बिल्ला लावून दोरी धरणारी, रांग लावणारी, हरवलेली लेकरं मंडपात आणून बसवणारी पोरं पाहा. त्यांतली निम्मी एरवी नाक्यावर टाइमपास करणारीच असतात. तेव्हा त्यांच्याकडे काम असतं, नाव असतं आणि चुकलं तर बोलणारे काका असतात. दहाव्या दिवशी मंडप उतरतो आणि काकाही आपापल्या दुकानात जातात. भाई मात्र बाराही महिने चौकात असतो. मंडळांनी व्याख्यानं ठेवण्यापेक्षा ही पोरं वर्षभर कोणाच्या नजरेखाली राहतील ते ठरवलं तर जास्त उपयोग होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

6. "अठराच्या आत काही होत नाही"

हे वाक्य मी किती पोरांच्या तोंडून ऐकलं त्याला गणती नाही. ते त्यांचं नसतं, त्यांना कोणीतरी पढवलेलं असतं. "तू अजून लहान आहे, तू कर, तू सुटशील" असं सांगणारा स्वतः पंचविशीचा असतो आणि घटनेच्या वेळी दुसऱ्या चौकात चहा पीत असतो.

म्हणून मी कायदा पोरांना फोड करून सांगतो. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हे खरं. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक बाई. परिविक्षा अधिकारी घरी येऊन चौकशी करतो आणि अहवाल देतो. साधारणपणे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं. पण सोळा पूर्ण झाले असतील आणि गुन्हा अघोर स्वरूपाचा असेल, म्हणजे ज्याला कायद्यात किमान सात वर्षं शिक्षा आहे असा, तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि प्रकरण बाल न्यायालयात जाऊन मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. 'काही होत नाही' हे इथे संपतं.

यानंतरचा भाग सांगताना मात्र वर्ग खरा शांत होतो. याच कायद्याच्या कलम 83 नुसार मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाख रुपये दंड आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये गुन्ह्यासाठी मुलाला कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. आणि गुन्हा घडलाच तर तो त्याने स्वतः केला असं धरून त्या गुन्ह्याची शिक्षाही. मी विचारतो, "हे भाऊनं तुम्हाला सांगितलं होतं का?" एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, भाऊले मालूम अशीन म्हनूनच थो लांब उभा राह्यते." त्या पोराला कलम कळलं होतं आणि भाऊही.

एक गोष्ट मोठ्यांसाठी. अशा प्रकरणातल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करायला कलम 74 ची मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "हाच तो" म्हणून फोटो फिरवणारे सुशिक्षित लोक हा गुन्हा रोज करतात.

7. धिंड काढून धाक बसत नाही

महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलीस गुंडाची त्याच्याच वस्तीतून धिंड काढतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मोठ्यांना बरं वाटतं. गल्लीतली बारा-तेरा वर्षांची पोरं मात्र मोबाइल वर धरून उभी असतात आणि संध्याकाळपर्यंत त्या लंगडत चालण्याला गाणं लागलेलं असतं. तलवारीने केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, ते व्हायलाच हवेत. पण त्याची बातमी तलवारीच्या फोटोसकट छापायची गरज काय, हे मला एकाही संपादकाने समजावून सांगितलं नाही. या पोरांना बदनामीची भीती नसते. आपली दखलच कोणी घेणार नाही, याची असते.

8. पहिली रात्र दवाखान्यात सांभाळा

शिकागोचे गॅरी स्लटकिन हे साथीच्या रोगांचे डॉक्टर. आफ्रिकेत क्षयरोग आणि कॉलऱ्यावर काम करून परतल्यावर त्यांना शहरातल्या गोळीबाराचा नकाशा साथीच्या नकाशासारखा दिसला: एका घटनेतून दुसरी, दुसरीतून तिसरी. 2000 मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमातून त्यांनी वस्तीतल्याच, पोरं ज्यांचं ऐकतात अशा माणसांना बदल्याची साखळी तोडायला उभं केलं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पोलिसांनी 2005 मध्ये याच विचाराने वेगळा विभाग काढला, आणि पुढे तिथल्या रुग्णालयांच्या अपघात विभागात जखमी पोरांशी बोलायला माणसं बसू लागली.

हे वाचण्याआधी मी ते एकदा पाहिलं होतं. माझ्या जुन्या खेळाडूच्या दंडावर वार झाला म्हणून रात्री सरकारी दवाखान्यात गेलो. आत टाके घालणं चालू होतं. बाहेर पायऱ्यांवर सात-आठ पोरं, मोटारसायकली सुरूच, कोणी एक फोनवर "कुठी हाय थे लोकं आता?" विचारत होता. त्या घोळक्यातल्या कोणालाही अजून पोराच्या आईला कळवायचं सुचलं नव्हतं. मी उपदेश केला नाही. त्यांतल्या सगळ्यात तापलेल्याला म्हटलं, "तू माझ्यासोबत चल, याच्या आईला आणायचं आहे, मला रात्री गाडी चालवता येत नाही." दुसऱ्याला रक्तपेढीकडे पाठवलं, गरज पडली तर कुठे जायचं ते विचारून ये म्हणून. तिसऱ्याला सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितलं आणि "गाड्या बंद करा, चाव्या इकडे द्या, दवाखाना आहे" म्हणून चाव्या माझ्या रुमालात बांधल्या. आई आली, ती पायरीवर बसून जे रडली ते पाहून फोनवाल्याने फोन खिशात टाकला.

पहाटे तीनपर्यंत ती पोरं तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पोलिसांत रीतसर तक्रार झाली. बदल्याची तलफ त्या पाच-सहा तासांत सगळ्यात जास्त असते, आणि नेमक्या त्या वेळी शाळा, शिक्षक, समाजकार्यकर्ते सगळे झोपलेले असतात. आपल्याकडे समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अपघात विभागात रात्रपाळीला एक समाजकार्यकर्ता बसवणं हे फार खर्चाचं काम नाही.

9. खेळ म्हणजे गुटी नव्हे

क्रीडाशिक्षक असून लिहितो: पोरांना मैदान दिलं की गुन्हेगारी संपते, हे खरं नाही. उद्घाटनाच्या भाषणात बरं वाटतं. काही व्यायामशाळा भाईंच्या भरतीची जागा झाल्या आहेत; दंड कमावलेलं पोरगं कोणालाही उपयोगी पडतं. फरक पडतो तो मैदानावर रोज त्याच वेळी येणाऱ्या एका मोठ्या माणसामुळे, जो तीन दिवस न आलेल्या पोराच्या घरी जातो. कबड्डी असो, व्हॉलीबॉल असो की वाचनालय.

10. बापाचा पट्टा

दप्तरात काही सापडलं की बाप मारतो. पोरगं त्या रात्री कुठे झोपतं ते विचारा. जिल्ह्यातल्या स्वामिनी अभियानातल्या बायका दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. पिऊन आलेल्या बापाच्या घरातून पोरगं आधी ओट्यावर येतं आणि मग टोळीत जातं, हे त्या माउल्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

11. परत आलेल्याला बाक द्या

निरीक्षणगृहातून परतलेल्या मुलाला शाळा दाखला देऊन मोकळी होते. वर्षाचं नुकसान, त्यात दाखल्यावर कोणीतरी बारीक अक्षरात शेरा मारलेला. कलम 24 प्रमाणे अशा मुलाला त्या प्रकरणामुळे पुढे अपात्र धरता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात, मोठ्यांसारखा खटला चाललेली काही प्रकरणं सोडून. पालकांना हे माहीत नसतं, मुख्याध्यापकांनाही बहुधा नसतं. छापील कलम समोर ठेवलं की अर्धे वाद मिटतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. चौदा वर्षं पूर्ण आणि पाचवी पास असली की बाहेरून दहावीला बसता येतं. फायटरवाल्या पोराला आम्ही तोच भरायला लावला. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो. फोटो काढायला तो गल्लीतल्या कोणाच्या तरी गाडीवर बसून निघाला होता. मी म्हटलं, माझ्या गाडीवर बस. बसला. स्टुडिओवाल्याने विचारलं, "कशाले पायजे?" पोरगं म्हणालं, "दहावीले."